आधी एकेकट्याशी

कुरुंदवाडात समुपदेशनासाठी येणारी बाई बहुधा बाजाराच्या दिवशी येते. हातात पिशवी असते, पिशवीत मेथीची जुडी आणि पावशेर मिरच्या. घरी परतल्यावर दाखवायला तेवढं पुरतं. पुरुष येतात ते दिवेलागणीनंतर. गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावतात आणि चालत येतात. कॉलेजातली मुलं मित्राकडून नोट्स आणायला जातो म्हणून निघतात. नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण मात्र खुर्चीत टेकण्याआधी एकच विचारतो, "ह्यातलं भाईर कुणाला कळणार न्हाई न्हवं?"

हा प्रश्न कळायचा तर गाव कळावं लागतं. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या संगमापाशी वसलेलं हे पटवर्धनांचं जुनं संस्थानी गाव. नदीपलीकडे दत्ताची नृसिंहवाडी, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर कर्नाटकाची हद्द. मराठा, जैन, लिंगायत, धनगर, मुसलमान, दलित अशी वस्ती एकमेकांना लागून आहे. गणेशोत्सवात इथल्या काही मशिदींमध्ये गणपती बसतो आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटत नाही. अशा गावात आजारी माणसाच्या घरी न सांगता डबा येतो, पूर आला की दार ठोठावून लोक बाहेर काढतात. त्याच गावात नवराबायकोतला अबोला तिसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत पोचलेला असतो.

एका जुन्या वाड्याच्या सोप्यात बसून गेली कित्येक वर्षं समुपदेशन करणाऱ्या बाईंना लोक 'मॅडम' म्हणतात, वयस्कर बायका 'आक्का'. येणाऱ्यांची ओळख जपायची तर आपलंही नाव छापायला नको, हा त्यांचा आग्रह. म्हणून खालचे प्रसंगही तपशील बदलून, ओळख पुसून सांगितले आहेत. शेजारच्याच गावच्या त्या सून. कोल्हापुरात समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि २००५च्या महापुरानंतर मदतकार्यात घरोघर फिरताना या कामाकडे वळल्या. भांडी, धान्य, कपडे यांची यादी करायला त्या जात. यादी संपली तरी घरातली बाई दाराशी थांबून बोलत राही, आणि ते बोलणं पुराविषयी नसे. सासूविषयी असे, दारूविषयी असे, कधी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या लेकराविषयी असे.

सोप्याच्या खोलीला दोन दारं आहेत. एक रस्त्यावर उघडतं, दुसरं मागच्या बोळात. पहिला माणूस बोळातून बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला आत घेत नाहीत. जागा निवडताना त्यांनी भाडं पाहिलं नाही, ही दोन दारं पाहिली.

या भागात संसाराचं भांडण मिटवायची जुनी रीत म्हणजे बैठक. दोन्हीकडची जाणती माणसं जमतात, देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या वजनदार माणसाच्या सोप्यात बसतात, चहा होतो आणि तास-दोन तासांत निकाल लागतो. पोरीला नांदायला पाठवा. पोराला समज दिली. झालं गेलं गंगेला मिळालं. बैठकीचे गुण मॅडम मोकळेपणाने मान्य करतात. कोर्टाची तारीख नाही, वकिलाची फी नाही, आणि शब्द पाळला नाही तर गाव जाब विचारतं. एकच गोष्ट तिथे घडत नाही. ज्या दोघांना एका छपराखाली जगायचं आहे, ती दोघं तिथे सगळ्यांत कमी बोलतात. पोरगी तर बहुतेक वेळा आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसलेली असते.

म्हणून त्यांचा एक नियम ठरून गेला. पहिली भेट एकेकट्याशी. जोडपं आलं तरी आधी एक, मग दुसरा. आईवडील, मामा, सरपंच, कुणीही बरोबर असलं तरी त्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. या नियमावरून त्यांच्याशी जितके लोक भांडले तितके दुसऱ्या कशावरून भांडले नसतील. "आमच्या पोरीचं आमच्यापासून काय लपवायचं हाय?" असं एखादा बाप चिडून विचारतो. त्या शांतपणे सांगतात, "अण्णा, तुमच्याशीही मी एकट्याशीच बोलणार आहे." बापाला हे अनपेक्षित असतं. आजवर त्याला कुणी एकट्याला बसवून विचारलेलं नसतं. आत आल्यावर तो बराच वेळ काहीच बोलत नाही, आणि मग बोलतो ते पोरीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाविषयी.

लग्नाला दोन वर्षं झालेलं एक जोडपं आलं होतं. सासरची तक्रार अशी की सून घुमी आहे, चार माणसांत तोंड उघडत नाही, कुणी आलं की आत जाऊन बसते. सून चिकोडीकडची, घरी कन्नड बोलणारी. मॅडमना कामापुरती कन्नड येते. एकटी असताना त्यांनी तिला कन्नडमध्ये "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि मुलगी तासाभराहून जास्त बोलली. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिच्या मराठीला घरात सगळे हसले होते. दीर नकला करायचा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तिने बोलणंच कमी केलं, मग जेवण कमी झालं, मग झोप. नवरा साखर कारखान्यात कामाला. त्याला सहकाऱ्यांमुळे कन्नड चांगली यायची. आईसमोर बायकोशी कन्नड बोललं तर आईला परकं वाटेल म्हणून तो बोलत नसे. मॅडमनी झोप-भुकेची चौकशी केली, मरणाचे विचार येतात का तेही विचारलं. मग काम दिलं नवऱ्याला. रोज रात्री जेवताना आईच्या देखत बायकोशी दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलायची आणि आईला त्याचा अर्थ सांगायचा. काही आठवड्यांनी सासूच बोळाच्या दाराने आली. तिला विचारायचं होतं की "भूक लागली का" हे कन्नडमध्ये नीट कसं म्हणायचं.

सगळीच प्रकरणं अशी सुटत नाहीत. हात उगारला जातो तिथे समुपदेशनाची तऱ्हाच बदलावी लागते, आणि गावाला हेच पटवून देणं सर्वांत अवघड जातं. "दोघांचं थोडंथोडं चुकतंय, समोरासमोर बसवा, मिटून जाईल," हे वाक्य घेऊन पुढारी येतात, नातेवाईक येतात, कधी बाईचा सख्खा भाऊही येतो. मॅडम अशा वेळी दोघांना एकत्र बसवत नाहीत. ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याच्या शेजारी बसून बाई खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्या रात्री घरी काय होईल याची हमी कुणीच देत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, एकत्र किंवा वेगवेगळं. त्या कायद्याच्या नियमांत समुपदेशकासाठी स्पष्ट सूचना आहे: हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणं हा समुपदेशनाचा गाभा, आणि केलेल्या हिंसेचं समर्थन करण्याची मुभा समोरच्याला तिथे द्यायची नाही. "तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उठला" हे वाक्य मॅडमच्या खोलीत पूर्ण होऊ दिलं जात नाही. त्या मध्येच थांबवतात आणि विचारतात, "साहेब उलट बोलले तर कारखान्यात हात उठतो का?" बहुतेक पुरुष या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाहीत. हात आवरता येतो आणि तो आवरणं आपल्याच हातात आहे, इथून पुढचं बोलणं सुरू होतं.

महाराष्ट्रात या कामाला चांगली परंपरा आहे. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस ठाण्याच्या जागेत बसली की हिंसेची तक्रार 'घरगुती बाब' म्हणून परत पाठवणं कठीण होतं, ही त्यामागची दृष्टी. पुढे ही पद्धत राज्यभर गेली. कुरुंदवाडसारख्या गावात बसून काम करताना मॅडमना त्या अनुभवाचा फार आधार वाटतो. बाईला लगेच घर सोडायचं नसतं. तेव्हा त्या तिच्याबरोबर बारीकसारीक ठरवतात: आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती कुणाकडे ठेवायच्या, रात्री निघावं लागलं तर कुठल्या घरी जायचं, ११२ आणि १८१ हे आकडे फोनमध्ये कुठल्या नावाने ठेवायचे, संरक्षण अधिकारी कुठे भेटतात.

अशाच एका बाईने सहा महिने विचार करून वेगळं राहायचा निर्णय घेतला. तेव्हा गावात बोललं गेलं की मॅडम संसार मोडतात. काही दिवस बाजारच्या पिशव्या दिसेनाशा झाल्या. याच काळात त्यांच्या कामाची दिशा पक्की झाली. किती संसार पुन्हा जुळले हे मोजणं त्यांनी थांबवलं. त्यांच्या वहीत आता वेगळे प्रश्न आहेत. माणूस सुरक्षित आहे का? झोपतो का, जेवतो का? निर्णय त्याचा स्वतःचा आहे का? ती बाई पुढे जयसिंगपुरात कामाला लागली. मुलगा दर रविवारी बापाकडे जातो आणि संध्याकाळी परत येतो. रविवारची ही वेळ दोघांनी वेगवेगळ्या भेटींत ठरवली, एकमेकांचं तोंड न पाहता.

या तालुक्यात घरातलं भांडण आणि नदीचं पाणी यांचा संबंध लावता आला पाहिजे. श्रावणात कृष्णा चढते, नृसिंहवाडीत दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहतं आणि दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक श्रद्धेने स्नानाला जातात. त्याच्यावर पाणी चढत गेलं की मग चिंता. ऑगस्ट २०१९मध्ये शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, कुरुंदवाडला चहूबाजूंनी वेढा पडला. दोन वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, कोविडच्या धास्तीतच पुन्हा पूर आला.

छावणीत असताना माणसं धीराची असतात, हे मॅडमनी दोन्ही वेळा पाहिलं. स्वयंपाक एकत्र, झोपणं एकत्र, बोलायला माणसं भरपूर. त्रास सुरू होतो पाणी ओसरल्यावर. घरात गुडघाभर गाळ, कुजलेल्या उसाचा वास, पंचनाम्याची वाट, सोसायटीचं कर्ज तसंच. महिन्या-दोन महिन्यांनी पुरुष येऊ लागतात. ते 'मन' हा शब्द वापरत नाहीत. छातीत धडधडतं म्हणतात, डोकं गच्च झालंय म्हणतात, जेवण जात नाही म्हणतात. मिरजेला जाऊन हृदयाचा आलेख काढून आलेले असतात आणि तो नीट आलेला असतो. "रिपोर्ट चांगला हाय, मग मला हुतंय काय?" हा त्यांचा खरा प्रश्न. शरीरात जाणवणारी ही घबराट खोटी नाही, तिचं नाव वेगळं आहे एवढंच, हे समजावण्यात पहिली भेट जाते.

एक शेतकरी पावसाचा आवाज आला की रात्रभर उठून बसायचा आणि दर तासाला बॅटरी घेऊन नदीकडे जाऊन यायचा. बायको म्हणायची, इचलकरंजीला भाड्याने खोली घेऊ. तो म्हणायचा, वाडवडिलांची जमीन सोडून जाणार नाही. भांडण रोजचं, आवाज गल्लीभर. वेगवेगळं बोलल्यावर निघालं ते असं: बायकोला पुराची भीती नव्हती, नवरा अंधारात नदीकडे जातो त्याची होती. नवऱ्यालाही जमिनीचा फारसा हट्ट नव्हता. बायकामुलं इचलकरंजीला गेली की आपण इथे एकटे काहीतरी करून बसू, याची त्याला धास्ती होती. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

मॅडमनी त्याला सरळ विचारलं, "जीव द्यावा असं वाटतं का?" असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. थेट, आपुलकीने विचारलं की माणसाचं ओझं हलकं होतं. तो रडला आणि हो म्हणाला. त्याच संध्याकाळी भावाला बोलावून घेतलं. घरातली शेतीची औषधं भावाच्या घरी कुलपात गेली, रात्री सोबतीला कोण झोपणार ते ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांकडे दोघे भाऊ गेले. औषधं नजरेआड करणं किरकोळ वाटतं, पण टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. हाताशी साधन नसेल तर ती ओसरायला अवधी मिळतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या १९९५नंतरच्या वीस वर्षांत निम्म्याहून अधिक घटल्या. शेतकऱ्याच्या घरात हे उदाहरण लगेच पटतं.

पोलिसांचा धाक हीदेखील मोठी अडचण. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला घरचे दवाखान्यात 'चुकून झालं' म्हणून नेतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरायचं ठरवलं, शिक्षेऐवजी उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. हा कायदा लागू होऊन वर्षं झाली तरी गावात तो अजून सांगावा लागतो. मॅडम तो आशाताईंच्या बैठकीत सांगतात, बचत गटात सांगतात, शाळेत शिक्षकांना सांगतात. फोन करायची हिंमत असलेल्यांना १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक देतात. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीत आहे.

कुरुंदवाडच्या शेजारचं हेरवाड हे गाव २०२२ साली राज्यभर पोचलं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, ४ मे रोजी, तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरपंच होते सुरगोंडा पाटील. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे गावात होणार नाही, असं गावाने ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही या वाटेने जाण्याचं आवाहन केलं. कोविडने घराघरातली तरणी माणसं नेली होती, त्या काळात हा ठराव आला.

ठरावानंतर काही महिन्यांनी एक तरुण विधवा मॅडमकडे आली. तिची अडचण बातम्यांत आलेल्या गोष्टींपेक्षा वेगळी होती. घरच्यांनी तिचं कुंकू पुसलं नव्हतं, हळदीकुंकवाला तिला आवर्जून बोलावलं होतं. ती म्हणाली, "टिकली लावली की मला चोरी केल्यागत वाटतंय." नवरा कोविडमध्ये गेला. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. अशा माणसाने नटावं का, हा प्रश्न ती स्वतःलाच विचारत होती. तिला पुरोगामी व्हायची घाई नव्हती, तिला आधी रडायचं होतं. मॅडमनी टिकलीविषयी काही सुचवलं नाही. पहिल्या काही भेटी फक्त नवऱ्याविषयी झाल्या: त्याचा स्वभाव, त्याची गाडी, ऊसतोडीच्या दिवसांत रानातून रात्री उशिरा येताना तो वाजवायचा तो हॉर्न.

मग मॅडमनी सासूला एकटीला बोलावलं. याच सासूने पुढाकार घेऊन सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. गावात तिचं कौतुक झालं होतं. आत आल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला. तिचा नवरा गेला तेव्हा ती तीस वर्षांचीही नव्हती. भावकीतल्या बायकांनी बांगड्या फोडताना मनगटात काच घुसली होती, त्याचा व्रण तिने दाखवला. "हिच्यासाठी मी केलं, बरंच वाटलं. पण आक्का, माझ्या येळंला कुणी न्हाई केलं," असं म्हणून ती खूप वेळ रडली. सुनेविषयीचा जिव्हाळा आणि स्वतःच्या वाट्याला आलेलं दुःख, दोन्ही तिच्यात एकाच वेळी होतं, आणि त्यातलं दुसरं सांगायला तिला जागा मिळाली नव्हती.

या घरातल्या दोघींना नंतर एकत्र बसवलं. सासूने व्रण सुनेला दाखवला. सुनेने तो आजवर पाहिला होता, पण रानात विळा लागला असेल असं समजत होती. मॅडम सांगतात की हेरवाडच्या ठरावाचं मोल त्यांना त्या दिवशी जास्त कळलं. ठराव झाला नसता तर ही सासू आयुष्यभर त्या व्रणाविषयी बोलली नसती. आणि ठराव करून गाव मोकळं झालं असं मानलं असतं तर त्या सुनेचं अपराधी वाटणं कुणी ऐकून घेतलं नसतं.

मनाच्या आजाराची वाट या भागात बऱ्याचदा देवळावरून जाते. 'बाहेरचं' झालं म्हणून माणसाला नृसिंहवाडीला सेवेला आणतात, पौर्णिमा धरतात. मॅडम सेवा बंद करा असं कुणालाही म्हणत नाहीत. देवावरच्या भरवशानेच ते घर उभं असतं. त्या विचारतात, सेवा चालू ठेवून डॉक्टरांकडेही जाऊ या का? गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' नावाने असंच काम उभं राहिलं; दर्ग्याचे मुजावरच रुग्णांना तिथल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. हे ऐकल्यावर एका कुटुंबाने भास होणाऱ्या, रात्र रात्र बोलत बसणाऱ्या मुलीला मिरजेला नेलं. गोळ्या आणि गुरुवारचा उपवास दोन्ही चालू राहिलं. मुलगी सावरली.

त्यानंतर आलं ते स्थळ. "लगीन झालं की राहिलेलं सगळं ठीक हुईल," असं आई म्हणाली, आणि आजाराचं मुलाकडे सांगायचं नाही असं घरात ठरलं. मॅडमनी मुलीला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "गोळ्या लपवून खायच्या असतील तर मला लगीन नको." लग्नाने आजार बरा होत नाही, लपवलेल्या गोळ्या बंद पडतात आणि आजार उलटतो, हे त्या घराला मुलीच्याच तोंडून ऐकायला मिळालं. पहिलं स्थळ सांगितल्यावर मोडलं. पुढच्या स्थळाने डॉक्टरांना भेटायची तयारी दाखवली.

लग्न न जमणारे मुलगे हा अलीकडच्या काळात वाढत गेलेला भाग. आई येते आणि म्हणते, "पोराला समजवा, घरात कुणाशी बोलंना." पोरगा तिशीचा, बागायती जमीन, ट्रॅक्टर, पक्कं घर. मुलींना शेतकरी नको. या दुःखामागे एक आकडाही आहे. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. सुपीक, सधन, शाहूंचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याची ही स्थिती. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवून गर्भलिंगनिदानाला चाप लावायचा प्रयत्न इथेच झाला. २००१ साली मोजलेली ती मुलं आज लग्नाच्या वयाची आहेत. त्यांच्यापैकी एक मुलगा मॅडमसमोर मान खाली घालून म्हणाला की हळदीला, वरातीला जाणं त्याने सोडलं आहे, "औंदा तुझा नंबर कधी?" हे ऐकवत नाही. त्याच्या वयाच्या मुलांना त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. लग्न जुळवणं हा तिथला विषय नाही. एकटेपणा, व्यायाम, दारूपासून लांब राहणं, आईवडिलांशी बोलणं, आणि लग्नाशिवायही दिवस कसा घालवायचा, हे बोलणं होतं. त्यातल्या काहींची लग्नं झाली, काहींची नाहीत. न झालेलेही येत राहतात.

एवढं काम एका खोलीत मावत नाही, म्हणून त्यांनी दुसऱ्यांना शिकवायला घेतलं. शेजारच्या गोव्यातल्या 'संगत' या संस्थेने दाखवून दिलं आहे की मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसंही नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर उदासीनतेवर आणि दारूच्या व्यसनावर परिणामकारक समुपदेशन करू शकतात. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली आज्यांना हे शिकवलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून त्या लोकांचं ऐकून घेतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. शिरोळ तालुक्यात अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना मॅडम आधी गप्प बसायला शिकवतात. समोरची बाई रडायला लागली की "रडू नको" म्हणायचं नाही. आपलं उदाहरण सांगायचं नाही. ऐकलेलं जावेलाही सांगायचं नाही. मग शिकवतात ते ओळखायला: ही बाई थकली आहे, की आजारी आहे, की धोक्यात आहे, आणि कुणाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

गेल्या काही हंगामांपासून त्यांनी लग्नाआधीच्या भेटी सुरू केल्या आहेत. साखरपुडा झालेली जोडपी येतात, थोडी लाजत, थोडी घरच्यांच्या धाकात. दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले जातात. तुझ्यावर किंवा घरावर कर्ज किती? कुठला आजार, कुठली गोळी? पगार कुणाच्या हातात द्यायचा? नोकरी चालू ठेवायची का? मूल कधी हवं, आणि मुलगीच झाली तर? आईवडील म्हातारे झाले की कुणाचे कुणी सांभाळायचे? दारू, मोबाइल, जुनी मैत्री याविषयी काय सांगायचं आहे? उत्तरं लिहून झाली की कागद एकमेकांना द्यायचे की नाहीत, हेही दोघं ठरवतात.

परवा आलेल्या जोडप्यात मुलगी सांगलीच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे, मुलगा दत्तवाडकडचा शेतकरी. नोकरीच्या प्रश्नापुढे तिने 'चालू ठेवणार' लिहिलं होतं, त्याने 'आई म्हणेल तसं'. दोघांनी कागद बदलले आणि वाचले. मग मुलाने विचारलं की आईलाही हे प्रश्न देता येतील का. मॅडमनी कोरा कागद त्याच्या हातात दिला आणि त्याच्या आईला पुढच्या बाजारच्या दिवशी यायला सांगितलं. एकटीला.